शरदाची तंबाखू आणि नानाकाकांचं नाक

तमाम वाचकांस जाहीर करण्यात येते की, पुढील मजकूर अत्यंत गंभीर स्वरूपाचा असून त्यात एका नाकाचे निधन होणार आहे. ज्यांची मने कोमल असतील त्यांनी हे प्रकरण खुशाल ओलांडून पुढे जावे. ज्यांना सर्दी झाली असेल त्यांनी मात्र जरूर वाचावे, या दुःखाची खोली त्यांनाच कळेल. हे नाक ऐरेगैरे नव्हते. संस्थानच्या मेहमानखान्याचे नाक होते ते. मेहमानखान्याला कुलूप लागले, संस्थान मध्य भारत नावाच्या नव्या राज्यात विरघळले, तरी ते इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात ताठ उभे होते. त्याच्या पाठीमागे जे गृहस्थ असत ते माझे नानाकाका.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मेहमानखान्याची कोठी त्यांच्या ताब्यात असे, आणि जेवण आटोपल्यावर कोणत्या पाहुण्यापुढे तंबाखूचा कोणता डबा उघडायचा हे ते एकटे ठरवत. ठरवताना ते आधी पाहुण्याकडे पाहत, मग खिडकीतून आभाळाकडे, आणि मग डोळे मिटून आत कुठेतरी पाहत. नवं राज्य आलं तशी सरकारी कचेरी काही महिने ग्वाल्हेर आणि काही महिने इंदूर अशी नाटक कंपनीसारखी मुक्काम हलवत फिरू लागली. बाबांना त्या कंपनीत जागा मिळाली. पण पाहुण्यांच्या तंबाखूचा अधिकारी कुठल्याच खात्यात बसेना. म्हणून नानाकाका आणि माईकाकू आमच्याकडे राहायला आले. बरोबर ट्रंका, पूर्वजांची एक तलवार, पाइपांचं शिसवी स्टँड आणि पत्र्याचे डबे. धाकट्या भावाच्या घरी राहणं त्यांना किती लागत होतं हे ते बोलून दाखवत नसत. पण पूर्वी भातावर तुपाची धार थांबू न देणारे काका आता आईने तुपाचं भांडं पुढे केलं की पानावर हात आडवा धरत, हे मी पाहिलं होतं. तेव्हा मी इंटरला होते. त्या वयात मुलींना काही दिसत नाही असं मोठ्यांना वाटतं, आणि त्याचा मी भरपूर फायदा घेत असे.

आता काकांचं शास्त्र सांगते. तंबाखूच्या इंग्रजी जाहिरातींत म्हणे लिहिलेलं असे की पानगळ सुरू झाली की जड, धुरकट तंबाखू ओढावी. काका हसत. "त्यांची पानगळ वेगळी, यार. तिथे माणूस शेकोटीला टेकून बसलेला असतो. आपल्याकडे आश्विनात दुपारी कावळा पण सावली शोधतो, आणि दिवे लागले की शाल पाहिजे. एका दिवसात दोन ऋतू! त्याला चालेल अशी तंबाखू कोण सांगणार? गोरा साहेब? हट्!" ते सांगत वैद्यक. शरदात पित्त खवळतं, म्हणून आंबट, तिखट, खारट वर्ज्य. गोड, कडू आणि तुरट पथ्याचं. हे सगळ्या आज्या कारल्याबद्दल आणि आवळ्याबद्दल सांगतात. तेच जसंच्या तसं उचलून पाइपात भरणारा माणूस मी जगात एकच पाहिला. तंबाखूच्या जातींना त्यांनी घरगुती नावं दिली होती. गुंटूरकडची पिवळी व्हर्जिनिया ती 'गोरी', गोड. तपकिरी बर्ली तो 'गहू', तुरट. आणि लाकडाच्या धुरावर धरलेली परदेशची लटाकिया ती 'काळी', कडू. तुर्की पान आंबट म्हणून शरदात त्याला दाराबाहेर ठेवलेलं असे. आजचे डॉक्टर या शास्त्राला काय म्हणतील ते मला पाठ आहे, त्यांनी सांगण्याची तसदी घेऊ नये.

शिवाय या शास्त्राला पंचांगही होतं. पितृपक्षात तंबाखू मिसळायची नाही. घटस्थापनेला देवघरात घट बसला की त्याच मुहूर्तावर कोठीच्या खोलीत परात मांडायची, मिश्रण करून चिनी मातीच्या बरणीत दडपायचं, आणि तिकडे घटावरचं धान्य उगवतंय तोवर इकडे तंबाखू मुरू द्यायची. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. त्या पाटावर तलवार, बाबांचा टाइपरायटर, आईचं शिवणयंत्राचं चाक आणि ओळीने काकांचे पाइप. माईकाकू तलवारीला हळदकुंकू वाही, चाकाला वाही, आणि पाइपांशी आली की झेंडूचं फूल लांबून फेकी, जसं सापाला दूध ठेवून मागे सरावं. "रोजचं अग्निहोत्र पुरे नाही का, आता देवाच्या पाटावर पण?" ती म्हणे. त्यावर काका शांतपणे म्हणत, "ज्याचं जे हत्यार." आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की बरणीचं झाकण निघायचं आणि शरदाचा पहिला पाइप पेटायचा. या समारंभाला सीमोल्लंघन हेच नाव होतं.

त्या वर्षी श्रावणात मेजरसाहेब बातमी घेऊन आले. मेजरसाहेब म्हणजे संस्थानी फौजेतून निवृत्त झालेले काकांचे दोस्त. त्यांच्या मिशा त्यांच्या आधी खोलीत येत. "नाना भिया, सुनो तो. महूच्या छावणीतला अपना सोराबजी नाही का, दुकानवाला? विलायती डबे येईनासे झालेत आणि अफसर लोकं त्याचं डोकं खाऊन राहिले आहेत. त्याला माणूस पाहिजे, जो इथल्या इथे तंबाखूचं मिश्रण जमवेल. मी तुझं नाव टाकलं. दसऱ्याला घेऊन येतो. तुझा शरद चाखेल आणि बात पक्की करेल." काका फक्त "पाहू" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी स्टँडवरचा एकेक पाइप काढून पुसला, आणि भुट्ट्याचा कीस दुसऱ्यांदा मागून घेतला. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच पदराने डोळे टिपून आली.

मग भाद्रपदात काकांना ताप भरला. चांगला लांबलेला, बडबड करायला लावणारा ताप. माईकाकू त्यांच्या उशाशी बसून असे, आम्हाला आत फिरकू देत नसे. गणपती आले आणि गेले, ताप उतरला, काका काठी टेकत व्हरांड्यात येऊन बसले. घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी मला कोठीच्या खोलीत बोलावलं. परात मांडलेली होती, डबे रांगेत होते. खिडकीतून पावसाने धुतलेलं निळं आभाळ आणि कोवळं ऊन आत आलेलं. काकांनी गोरीच्या डब्याचं झाकण काढलं, डोळे मिटले, श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. डबा बदलला, पुन्हा घेतला. ओळखीच्या घराचं दार ठोठावावं आणि आतून कोणीच ओ देऊ नये, तसा त्यांचा चेहरा झाला.

"कुसे," ते म्हणाले, "दार लाव."

मी दार लावलं.

"मला वास येत नाही. कशाचाच. ताप गेला तो घेऊन गेला. वाटलं होतं, डबा उघडला की येईल."

माझ्या तोंडून "औषध..." एवढंच निघालं. त्यांनी हात हलवला. "वैद्य म्हणतो येईल किंवा नाही येणार. दसरा तर येणारच आहे. काळी एवढीच उरली," त्यांनी डबा तिरपा करून दाखवला, तळाशी मूठभर काळी पानं होती, "मेहमानखान्यातली शेवटची. एकदा बिघडली की संपलं. आणि सोराबजीला नाक नसलेला माणूस काय कामाचा? मग बसतो मी इथेच, तुझ्या बापाच्या अन्नावर, जन्मभर." हे वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. नेहमी नाटकी बोलणारा माणूस साधा बोलला की फार भीती वाटते.

मग त्यांनी पगडी सारखी केली, पाटावर मांडी घातली आणि म्हणाले, "आजपासून तू नाक. सांग, गोरीचा वास कसा आहे?"

"चांगला."

"चांगला तर तुझा बाप पण आहे! वास सांग."

"गवताचा."

"ओल्या का वाळल्या?"

"वाळल्या. गंजीत हात घातला की आतून ऊबदार येतो ना, तसा. आणि त्यावर काकवी सांडलेली."

"काकवी?" काकांची बोटं परातीत शिरली, एक चिमूट बाहेर आली. "म्हणजे जास्त मुरली. गहू वाढवायला लागेल. गव्हाचा सांग."

"भाजलेल्या शेंगदाण्यांचा. नाही, थांबा. दाण्यांचा नाही, त्यांच्या फोलपटांचा."

"शाबास!" ते ओरडले आणि लगेच दाराकडे बघून आवाज उतरवला. "फोलपटांचा! असं सांगायचं. आता काळी."

काळीवर नाक नेलं आणि मी मागे झाले. "काका, स्मशानातून आलेल्या माणसाच्या धोतराचा."

काका एवढे खूश झाले की त्यांना खोकला आला.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. ते चिमूट टाकत, बोटांनी वरखाली करत, कानाशी नेऊन चुरडत, किती सुकली ते ऐकत, आणि परात माझ्यापुढे सरकवत. "आता?" मी म्हणे, "अजून धोतर जवळच आहे." ते थोडी गोरी घालत. "आता?" "आता गोड झालं, पण लग्नाच्या मांडवासारखं, फार." ते गहू घालत. माझ्या अर्धवट शब्दांवरून त्यांचे हात नेमके कुठे जायचे ते ओळखत होते. बहिऱ्या माणसाने तारांच्या थरथरीवर बोट ठेवून सतार लावावी आणि ती लागावी, तसं. मला कळेना की मी काय बघते आहे. एवढंच कळत होतं की समोर बसलेल्या माणसाच्या आत सगळे ऋतू एखाद्या कोठीसारखे नीट लावून ठेवलेले आहेत, आणि दिवा गेला तरी तो अंधारात हात घालून हवा तो डबा काढू शकतो.

शेवटी उरलेल्या काळीतून त्यांनी अगदी नखाएवढी उचलून टाकली आणि परात पुढे केली.

मी बराच वेळ वास घेतला. "पहाट आहे," मी म्हणाले, "थंडी अजून आली नाही. पण कोणीतरी बंब पेटवलाय. आपल्या अंगणात नाही, शेजारच्या."

काकांचे हात थांबले. "शेजारच्या? नक्की?"

"नक्की. भिंतीपलीकडे."

"बस," ते म्हणाले. "हाच शरद."

आता पन्नाशी उलटली, पुस्तकं लिहून झाली, लोकांनी हारतुरे घातले. पण माझ्या शब्दांवर एवढा मोठा जुगार पुन्हा कोणी लावला नाही.

दसऱ्यासाठी आम्ही खुणाही ठरवल्या. सोराबजी काहीबाही विचारणारच. मी पानाचं तबक घेऊन जवळ उभं राहायचं. गोरी असेल तर नाकाला हात, गहू असेल तर कानाला, काळी असेल तर वेणी पुढे घ्यायची. आरशासमोर मी याच्या इतक्या तालमी केल्या की आईला वाटलं मला बघायला कोणी येणार आहे.

दसऱ्याची दुपार कलली तसे मेजरसाहेब सोराबजीला घेऊन आले. डोक्यावर काळी गोल टोपी, पांढरा स्वच्छ डगला, आणि डोळे असे की समोरच्याला वजनकाट्यावर ठेवल्यासारखं वाटावं. सोनं दिलं-घेतलं, श्रीखंड-पुरी झाली. काकांनी बरणी आणली, झाकण काढलं, पाइप भरले. सगळ्यात आधी वरून हलकेच, मग जरा दाबून, मग बोटाच्या टोकाने. काडी लागली. पहिला धूर खिडकीतल्या तिरप्या उन्हात वर गेला आणि तिथेच निळसर होऊन रेंगाळला. बाहेर रस्त्यावरून रावण बघायला निघालेल्या पोरांचा गलका येत होता, आणि आत आमच्या बैठकीत भिंतीपलीकडचा बंब पेटला होता. खरोखर पेटला होता. मी त्या खोलीत उभी होते म्हणून सांगते.

"ओहोहो," सोराबजी अखेर म्हणाले, "नानासाहेब, ये तो कमाल है. दिवाळी आने की खबर जैसा." मेजरसाहेबांनी मिशीला पीळ दिला, जणू बंब त्यांनीच पेटवला होता.

"लेकिन," सोराबजींनी डगल्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "धंदे की एक बात. अफसर लोग जुनी पाउच घेऊन येतात, बोलतात, सोराबजी, ऐसा ही चाहिए. तर माणसाला पान ओळखता आलं पाहिजे. ये देखो. किसका है, बोलो."

काकांनी पुडी घेतली, नाकाशी नेली. डोळे मिटले. ते सगळं अगदी पूर्वीसारखं केलं, फार सुंदर केलं. मग डोळे किंचित उघडून माझ्याकडे पाहिलं.

मी वाकून तबक पुढे केलं आणि वास घेतला. गवत नाही, फोलपट नाही, धोतर नाही. काहीतरी आंबूस, अनोळखी, मागून कापरासारखं थंड. याची खूणच नव्हती! माझा हात नाकाकडे निघाला, कानाशी घुटमळला, वेणीपर्यंत गेला आणि हवेतच राहिला. सोराबजी माझ्याकडे पाहू लागले. काकांच्या कपाळावर घाम दिसला. त्यांनी पान चुरडून कानाशी नेलं, जिभेवर ठेवलं.

"अगंबाई," दारातून आवाज आला, "हा अजून आहे होय?"

माईकाकू. हातात भुट्ट्याच्या किसाच्या बश्या, पदर खांद्यावर, आणि नाक वर उचललेलं.

"कोण आहे?" सोराबजी म्हणाले.

"तो पाद्री. उंच." काकू आत आली, बश्या ठेवल्या. "मी कुठे त्याला बघितलंय? मेहमानखान्याचं दार पण नाही बघितलं कधी. पण यांचे कोट मीच झटकायची ना रोज. ठेंगण्या पाहुण्याचा धूर छातीवर बसलेला असे, उंचाचा कॉलरवर. याचा कॉलरवर असायचा. आंबट, आणि मागून देवळासारखा. पाद्रीच म्हणाले होते हे, तुर्की ओढतो म्हणाले होते. तसा तो जर्मन डॉक्टर, त्याच्या धुराचा कोट दोन उन्हं दिल्याशिवाय घरात घेता यायचा नाही. आणि तो बंगालचा साहेब, त्याची गोड, मनुकांसारखी. त्याच्या धुराचा कोट मी लवकर नाही वाळत घातला कधी." एवढं बोलून ती थबकली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

मी तर तबकच विसरले. जगातले एवढे मोठमोठे लोक इंदूरला येऊन गेले. त्यांच्या मेजवान्यांची, मोटारींची, फोटोंची किती वर्णनं झाली! आणि इकडे आमच्या माईकाकूने एकालाही न पाहता कोटांच्या दोरीवर त्या सगळ्यांना ओळीने टांगून ठेवलं होतं, उंचीसकट.

"पाद्रीच," सोराबजी हळूच म्हणाले. "छह फुट का. मिशनमधला बुढा. बाई, आपने तो..."

काकांना सुटायची उत्तम संधी होती. 'तेच म्हणणार होतो' म्हटलं असतं तर कोणाला शंकाही आली नसती. मेजरसाहेब तर तशी खूण करून राहिले होते. पण नानाकाका उभे राहिले, पाइप खाली ठेवला, पगडी सारखी केली. "सोराबजी, मला वास येत नाही. तापात गेला. हे पान मी ओळखलं नाही, हिने ओळखलं. आज तुम्ही ओढलंत त्याला नाक या पोरीचं होतं, हात फक्त माझे. माफ करा, तुमची खेप फुकट गेली."

मेजरसाहेबांच्या मिशा खाली आल्या. सोराबजींनी पाइपाचा एक लांब झुरका घेतला, धूर उन्हात सोडला, तो विरेपर्यंत पाहिला.

"नाक का क्या है, नानासाहेब," ते म्हणाले, "नाक महूच्या प्रत्येक अफसरला आहे, रोज माझ्या दुकानात येऊन वर करतात. मला हात पाहिजे. डबे मी इथे पाठवतो, तुम्ही घरीच मिसळा. और घर में तो दो दो नाक हैं, भाई!"

मेजरसाहेब उठून काकांना कडकडून भेटले. काका हसत होते आणि त्यांना श्वास घेता येत नव्हता. मग मेजरसाहेबांच्या मिठीतून मान बाहेर काढून त्यांनी काकूकडे पाहिलं. ती मुळीच चकित झालेली नव्हती, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे तुला माहीत होतं? मी तर हूं का चूं केलं नाही. कधी कळलं तुला?"

काकूने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पाहुण्यांकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला, आणि मग बहुधा महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं एका दमात तिच्या तोंडून निसटलं:

"तापात तुम्ही सारखे तंबाखू तंबाखू करत होतात, म्हटलं निदान वास तरी मिळू दे, म्हणून तुमच्या उशाशी बसून रोज मी पाइप ओढला, तुम्हाला काही पत्ताच लागला नाही, आणि मला मेली सवय लागली!"